वसई किल्ल्यातलं येशूसंघीयांचं चर्च: दहा मिनिटांची नव्हे, दोन तासांची जागा

वसईच्या किल्ल्यात जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये या चर्चच्या दारातला एक तरी फोटो असतो. ते चर्च कोणी बांधलं, त्या दाराचे खांब कुठल्या घराण्यातले, पायाखालची शिळा कोणाची, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. दोष त्यांचा नाही. ही जागा पाहणाऱ्याला आपणहून काही सांगत नाही. म्हणून आधीच निकाल देऊन टाकतो: वास्तू म्हणून अव्वल, माहितीच्या बाबतीत पाहुण्याला जवळजवळ वाऱ्यावर सोडणारी. घरून थोडी तयारी करून गेलात तर किल्ल्यात याहून जास्त देणारी इमारत नाही. तयारीशिवाय गेलात तर दहा मिनिटांत एक सुंदर पडकी भिंत बघून परत याल.

किल्ल्यात सात चर्चांचे अवशेष आहेत आणि पहिला घोळ होतो तो ओळखण्यातच. उंच मनोरा आणि दारावर १६०१ सालचा लेख दिसला तर ते सेंट जोसेफचं, म्हणजे शहराचं मुख्य चर्च. पायाखाली थडग्यांच्या शिळाच शिळा दिसल्या तर ते फ्रान्सिस्कनांचं, सेंट अँथनीचं. (फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि येशूसंघीय म्हणजे जेझुइट, हे कॅथलिक धर्मातले वेगवेगळे संघ.) येशूसंघीयांच्या चर्चची खूण म्हणजे त्याची दर्शनी भिंत: कमानीच्या मुख्य दाराच्या दोन्ही अंगांना पन्हळी पाडलेले खांब, त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी, आणि दगडात कोरलेली ‘आय-एच-एस’ ही तीन रोमन अक्षरं. ही अक्षरं ग्रीक लिपीतल्या ‘येशू’ या नावाची पहिली तीन अक्षरं. मधल्या अक्षराच्या आडव्या दांडीवर क्रूस उभा करायचा आणि खाली तीन खिळे दाखवायचे, ही येशूसंघाची मुद्रा. चर्चचं मूळ नावही तेच सांगतं: येशूच्या पवित्र नावाचं चर्च.

दुसरा घोळ नावांचा. काही जण या चर्चला संत गोन्सालो गार्सियांचं चर्च म्हणतात, आणि त्याला कारण आहे, ते पुढे येईल. पण किल्ल्यात डॉमिनिकनांचंही एक चर्च आहे. ते साओ गोन्सालोचं, पण तो गोन्सालो पोर्तुगालमधल्या आमारांतेचा, वसईचा नव्हे. त्याच नावाचा एक बुरूजही तटात आहे. त्यामुळे ‘गोन्सालोचं चर्च कुठे?’ असं विचारलंत तर दोन माणसं दोन दिशा दाखवतील आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. ‘येशूसंघीयांचं’ किंवा सरळ ‘जेझुइट चर्च’ म्हणून विचारा. जुन्या वर्णनांत ‘पावलिस्त’ हा शब्द भेटला तर तेही हेच लोक. गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजवरून हिंदुस्थानातल्या येशूसंघीयांना ते नाव पडलं होतं.

इतिहास थोडक्यात, पण तारखांसकट. गुजरातच्या बहादूरशाहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. दमणपासून खाली चौलपर्यंत पसरलेल्या त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चं हे पुढे मुख्य ठाणं झालं. येशूसंघाचे धर्मप्रचारक संत फ्रान्सिस झेवियर १५४८ मध्ये इथे येऊन गेले आणि १५४९ च्या सुमारास येशूसंघाने वसईत बस्तान बसवलं. चर्चला लागून कॉलेज उभं राहिलं. कॉलेज म्हणजे नुसती शाळा नव्हे. धर्मगुरूंचं निवासस्थान, शाळा, मधला चौक आणि त्याभोवतीच्या ओसऱ्या असा सगळा संसार. आज पाहताना चर्च आणि कॉलेज ही दोन वेगळी स्थळं मानू नका. चर्चमधून बाजूच्या दाराने कॉलेजच्या चौकात जायचं, असाच या वास्तूचा मूळ डाव आहे. अनेक जण दर्शनी भिंत बघून माघारी फिरतात. त्यांची अर्धी इमारत बघायची राहून जाते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. स्थापना १५४९ ची म्हणून समोरची भिंतही १५४९ ची, असं धरू नका. पहिली चर्च साधी असायची. पैसा आणि माणसं जमली की ती मोठी केली जायची, दर्शनी भाग नव्याने बांधला जायचा. या दाराची घडण बघा: अभिजात रोमन वळणाचे खांब, त्यांवर आडवी पट्टी, मापात बसवलेले मजले. हे वळण सोळाव्या शतकाच्या अखेरीचं आणि सतराव्याच्या सुरुवातीचं आहे. गोव्यातलं बॉं जेझुसचं बांधकाम १५९४ ला सुरू होऊन १६०५ ला ते चर्च अर्पण झालं. दोन्ही फोटो शेजारी ठेवा, एकाच घरातली भावंडं दिसतात. ‘याच दारातून झेवियर आत गेले’ असं कोणी म्हणालं तर हात जोडून पुढे चला. झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले.

बॉं जेझुसचा विषय निघालाच आहे तर त्याचं वसईशी असलेलं नातंही सांगून टाकू. ते चर्च जांभ्याचं आहे. जांभा मऊ, भोकाभोकांचा, त्यात नाजूक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या नक्षीसाठी काळा दगड वसईहून गलबतांतून गोव्याला नेला. त्या काळात ‘वसईचा दगड’ ही नावाजलेली चीज होती. तेव्हा इथे दारापाशी उभे राहाल तेव्हा हेही ध्यानात असू द्या की याच परिसरातला दगड चारशे वर्षांपूर्वी समुद्रमार्गे दक्षिणेला जात होता.

आता प्रत्यक्ष पाहण्याची रीत. आधी लांब उभे राहा. भिंतीची जेवढी उंची, तिच्या दीडपट अंतरावर. तिथून मजले, खिडक्या आणि दार यांचं एकमेकांशी मेळ खाणारं माप दिसतं. जवळून ते हरवतं. मग सरळ दाराशी जा आणि एकाच खांबावर पाच मिनिटं द्या. खालून सुरुवात करा: आधी चौकोनी बैठक, तिच्यावर गोल कडी, मग पन्हळी पाडलेला दांडा, आणि माथ्याला करवती कडांची पानं वळवून बसवलेली. ही पानं अकांथस नावाच्या भूमध्य प्रदेशातल्या झुडपाची. ती कोरणारा स्थानिक पाथरवट ते झुडूप कधी बघणार? त्याच्यासमोर असेल तर चित्र किंवा नमुना. म्हणून पानांचं टोक कुठे कसं वळलंय, शिरा किती खोल आहेत, दोन खांबांची पानं हुबेहूब सारखी आहेत का, हे नीट बघा. हात वेगळा झाला की पान वेगळं होतं. पन्हळींवरून बोट फिरवायचा मोह होईल, फिरवू नका. घामातलं मीठ आणि तेल दगडाला नको असतं, आणि दाराचे खांब हीच सर्वांत जास्त हाताळली जाणारी जागा.

दारापासून मागे वळलात की भिंत वाचायला घ्या. घडीव दगड फक्त दारं, खिडक्या, कोपरे आणि पट्ट्या यांना वापरलेला दिसेल. मधलं अंग अनघड दगड आणि चुन्याचं. आज ते उघडं दिसतं म्हणून ‘दगडी चर्च’ असा समज होतो. बांधलं तेव्हा ते तसं दिसत नव्हतं. अनघड भागावर चुन्याचा गिलावा आणि सफेदी असे, आणि त्या पांढऱ्या अंगावर काळी दगडी चौकट उठून दिसे. आपण बघतो तो सांगाडा, कपडे उतरल्यानंतरचा. गिलावा हा दागिना नसतो, तो पावसाचा अंगरखा असतो. बॉं जेझुसचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, आणि तेव्हापासून उघडा पडलेला जांभा दर पावसाळ्यात झिजतो आहे. वसईच्या भिंतींवर गिलाव्याचा एखादा जुना तुकडा टिकलेला दिसला तर तो सुंदर घडीव दगडापेक्षाही महत्त्वाचा समजा.

भिंतीतली भोकं ही दुसरी लिपी. एका ओळीत, सारख्या अंतरावर, मूठभर आकाराची चौकोनी भोकं दिसली तर ती परांचीची: बांधताना आडव्या बल्ल्या त्यांत खोचल्या आणि काम झाल्यावर काढून घेतल्या. त्याहून मोठे, खोल आणि एकाच पातळीवरचे खळगे दिसले तर ते तुळयांचे. तिथे मजला किंवा सज्जा होता. कॉलेजच्या बाजूला हे खळगे शोधलेत की वरच्या मजल्याची जमीन नेमकी कुठे होती ते कागदावर आखता येतं. खिडकी हवेत लटकल्यासारखी दिसत असेल तर तिच्या खाली खळग्यांची ओळ असणारच. भिंतीच्या माथ्याजवळ तिरप्या रेषेत दगडाची चीप बाहेर आलेली किंवा खाच पडलेली असेल तर ती छताच्या उताराची खूण.

छतच आधी का गेलं, हेही यातूनच कळतं. या प्रांतातल्या पोर्तुगीज चर्चांत लोकांच्या बसण्याचा लांब भाग लाकडी वासे आणि कौलांनी झाकलेला असे. दगडी कमानीचं छत बहुधा वेदीच्या वरच. कौल सरकलं की पाणी वाशांच्या टोकाला लागतं. टोक भिंतीत गाडलेलं असतं, तिथे हवा खेळत नाही, लाकूड तिथून कुजतं. चार-दोन पावसाळ्यांत आढं खाली येतं. मग भिंतीचे माथे उघडे पडतात, चुना धुपतो, पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ रुजतो. पिंपळाचं मूळ दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, शिरतं आणि वर्षाला थोडं थोडं करत दगड बाजूला सारतं. रोप वरून कापून उपयोग नसतो, मूळ आत जिवंत राहतं. नुसतं ओढून काढलं तर दगडही बरोबर येतो. वसईसारख्या समुद्रकाठच्या जागी यात खारा वारा मिळवा. मीठ दगडाच्या आत स्फटिक धरतं आणि वरचा पापुद्रा सोलून काढतं. समुद्राकडची आणि आतली बाजू यांची तुलना करून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

दुरुस्तीचे भागही ओळखायला शिका, कारण नाहीतर कालचा दगड चारशे वर्षांचा समजून त्याचं कौतुक होतं. जुना चुना मलईसारख्या पांढऱ्या रंगाचा, त्यात वाळूचे जाडे कण आणि कधीकधी शिंपल्यांचे तुकडे. सिमेंट राखाडी, एकजीव, कडक. चांगल्या दुरुस्तीत आजही एक भाग मुरवलेला चुना आणि अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू असं मिश्रण मळतात, थर एका वेळी दहा मिलिमीटरच्या आसपास ठेवतात आणि निदान आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. घाईत सुकवला तर चुना करपतो, भेगा पडतात आणि बोटाने खरवडला तरी भुगा निघतो. सिमेंट भरलं तर वेगळंच दुखणं सुरू होतं. भिंतीतलं पाणी आधी मऊ चुन्याच्या दर्जांतून बाहेर पडायचं. ती वाट बंद झाली की ते दगडातून निघू लागतं, आणि मग दर्जा टणक राहून मधला दगडच खोल जातो. असा ‘उलटा’ झिजलेला पट्टा दिसला की समजा, कोणीतरी मदत करायला जाऊन इजा केली. किल्ल्यात फिरताना हे एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक भिंतीकडे तुम्ही त्याच नजरेने बघाल.

या चर्चमधलं आम्हांला सर्वांत भिडणारं काय असेल तर जमिनीतल्या शिळा. शिलालेखांच्या जुन्या वाचनांत इथल्या दोन बायकांची नावं येतात. एक इझाबेल द आगियार, विधवा, ‘या कॉलेजची थोर आश्रयदाती’, मृत्यू २४ जानेवारी १५९१. दुसरी दोना फिलिपा दा फोन्सेका, तीही विधवा, मृत्यू २० जुलै १६२८. तिच्या शिळेवर लिहिलंय की तिने हयातीतच आपल्याजवळ होतं नव्हतं ते या चर्चला देऊन टाकलं. सरदार, कप्तान, गव्हर्नर यांच्या या शहरात येशूसंघीयांच्या घरात मानाची जागा मिळाली ती दोन विधवांना. ही वास्तू कोणाच्या पैशावर उभी राहिली, या प्रश्नाचं उत्तर दारावरच्या नक्षीत नाही, पायाखाली आहे.

शिळा वाचण्याची पद्धत सोपी आहे, पण बहुतेक जण चुकीची वापरतात. खडू, पीठ, पाणी, कोळसा यांतलं काहीही लावायचं नाही. खडू अक्षरांच्या कडा घासतो आणि पाण्याबरोबर मीठ आत जातं. लागतो फक्त टॉर्च. तो दगडाच्या कडेला, जवळजवळ जमिनीला टेकवून, हातभर अंतरावरून धरा, म्हणजे प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत जाईल. दिवसा स्वतःची किंवा छत्रीची सावली शिळेवर पाडून घ्या. आधी डावीकडून, मग वरच्या बाजूने, असे निदान दोन फोटो घ्या. ज्या रेघेला प्रकाश समांतर पडतो ती रेघ दिसत नाही, म्हणून एका फोटोने अक्षर चुकतं. फ्लॅश बंद ठेवा, तो समोरून पडतो आणि सगळं सपाट करतो. कॅमेरा शिळेच्या बरोबर वर, सरळ खाली रोखलेला हवा.

पोर्तुगीज येत नसलं तरी अडत नाही. ठरावीक शब्द फिरून फिरून येतात. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगं. त्यात ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो, म्हणून पहिल्यांदा गोंधळायला होतं. ‘फालेसेओ’ म्हणजे वारला किंवा वारली, त्याच्या पुढे तारीख. ‘दोना’ हा मान, ‘व्हियुवा’ म्हणजे विधवा, ‘बेंफेइतोरा’ म्हणजे आश्रयदाती, ‘एर्देइरुश’ म्हणजे वारस. थडगं वारसांसाठीही राखलेलं असेल तर हा शेवटचा शब्द येतो. जागा वाचवायला कोरणारे दोन अक्षरं एकमेकांत गुंतवतात किंवा शब्द मधेच तोडून वर लहान अक्षर बसवतात. एवढं पाठ करून गेलात तर फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधल्या शिळाही बऱ्याचशा उलगडतील.

चर्चमधून कॉलेजच्या बाजूला आलात की १६९५ सालचा एक पाहुणा सोबत घ्या. जेमेल्ली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी त्या वर्षी वसईत आला होता. त्याने या चर्चमधल्या सोनेरी मुलाम्याची नोंद केली, आणि कॉलेजच्या बागेची. बागेत युरोपातली फळझाडं होती, त्यांत अंजीर आणि द्राक्षं. रेक्टरने, म्हणजे कॉलेजच्या प्रमुखाने, त्याला सांगितलं की ही फळं वर्षातून दोनदा पिकतात, डिसेंबरात आणि मार्चमध्ये. आता त्या मोकळ्या जागेत उभे राहून हे वाक्य आठवा. चौकाचा आकार, भोवतीच्या ओसरीची रुंदी, विहिरी-हौदाच्या खुणा, सगळ्याला एकदम माणसांचा वास येतो. भिंतींवरून वैभवाचा अंदाज येतो, पण द्राक्षांच्या दोन बहरांवरून तिथलं रोजचं जगणं कळतं.

पडझडीचं खापर एकाच घटनेवर फोडण्याची सवय आपल्याकडे आहे, ती इथे सोडा. मे १६१८ मध्ये या किनाऱ्यावर प्रचंड वादळ झालं, चर्चांचे माथे उडाले. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी तटाबाहेरची चर्चं लुटली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने महिनोन्महिने वेढा देऊन, सुरुंग लावून तट फोडला आणि १६ मे रोजी पोर्तुगीजांच्या वतीने कप्तान कायतानो द सोझा परेरा याने तहाला मान्यता दिली. तहात पोर्तुगीजांना सन्मानाने बाहेर पडायला आठवडा मिळाला, २३ मे रोजी किल्ला मराठ्यांकडे आला. म्हणजे धर्मगुरू घाईघाईत जीव घेऊन पळाले, हे चित्र बरोबर नाही. माणसं गेली आणि इमारतीचं कामच संपलं. पुढे १७८० मध्ये इंग्रजांचा वेढा, १८०२ मधला वसईचा तह. या सगळ्यात छपरावर कौलं चढवणारं कोणी उरलं नाही. लढाईतल्या तोफांपेक्षा न फिरवलेल्या कौलांनी हे चर्च जास्त पाडलं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गोन्सालो गार्सियांबद्दल. जन्म १५५७ च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. लहानपणी शिक्षण येशूसंघीयांकडे, याच वसईत. पंधराव्या वर्षाच्या आसपास येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे व्यापार केला, आणि मनिलात फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मारल्या गेलेल्या सव्वीस जणांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. दोन गोष्टी नेहमी चुकतात: ते धर्मगुरू नव्हते, धर्मबंधू (संघातले, पण पुरोहिताची दीक्षा न घेतलेले) होते, आणि मृत्यूच्या वेळी येशूसंघीय नव्हते, फ्रान्सिस्कन होते. या चर्चशी त्यांचं नातं विद्यार्थ्याचं. वसईच्या कॅथलिक समाजाला ते आपल्या घरचे वाटतात, त्यामुळे ही जागा त्यांच्यासाठी नुसता अवशेष नाही. आत वेदीच्या जागी चढून पोझ देणं, गाणी लावणं टाळा. कोणी प्रार्थनेला बसलेलं असेल तर ती कोपऱ्यातली जागा सोडून बाकीचं बघा.

वाटाड्या घ्यावा का? चांगला मिळाला तर जरूर. पण निवडताना तीन प्रश्न विचारा: येशूसंघीयांचं चर्च आणि डॉमिनिकनांचं यांतला फरक काय, इझाबेल द आगियार कोण, आणि भुयार कुठे जातं. पहिल्या दोहोंना उत्तर आलं आणि तिसऱ्याला ‘असं काही नाही’ म्हणाला, तर बिनधास्त त्याच्याबरोबर जा. भुयारातून थेट दूरच्या बेटावर नेणाऱ्यांबरोबर वेळ घालवू नका.

जायचं कसं: पश्चिम रेल्वेने वसई रोड, पश्चिमेला बाहेर पडून बस किंवा रिक्षा. किल्ला स्टेशनपासून सात-आठ किलोमीटरवर, पारनाक्याच्या पुढे. शेअर रिक्षा पारनाक्याला सोडते, म्हणून बसण्याआधीच ‘किल्ल्यापर्यंत’ असं ठरवून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदरहून वसईला रो-रो बोटही येते. गाडी घेऊन यायचं असेल तर तोच सोपा मार्ग, फक्त त्या दिवसाचं वेळापत्रक आधी बघा. किल्ल्याला तिकीट नाही. मधून रस्ता जातो, त्यामुळे वाहनांकडे लक्ष ठेवा, विशेषतः मुलं बरोबर असतील तर.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात शेवाळावरून पाय सरकतो, गुडघाभर गवतात साप असतात आणि शिळा चिखलाखाली जातात. एप्रिल-मेमध्ये दगड तापतो, अकराच्या पुढे थांबवत नाही. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर उन्हाचा तिरपा प्रकाश मिळतो आणि लग्नाआधीच्या फोटोवाल्यांची गर्दी यायच्या आत दार मोकळं मिळतं. रविवार शक्यतो टाळा. बरोबर एक टॉर्च, छोटी दुर्बीण (खांबांच्या माथ्यासाठी), टाच झाकणारे बूट, माणशी दीड-दोन लिटर पाणी. आत खाण्यापिण्याची सोय होईल या भरवशावर राहू नका, वसई गावातच आटोपून या. भिंतींवर चढू नका. वरचे दगड मोकळे असतात, आणि खालून भक्कम दिसणारा माथा आतून पोकळ झालेला असतो.

हे संरक्षित स्मारक आहे. नाव कोरणं, रंग लावणं, दगड हलवणं यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. फोनने फोटो काढायला हरकत नाही. व्यावसायिक चित्रीकरण आणि ड्रोन यांना आधी परवानगी लागते.

गुण द्यायचे तर दर्शनी दाराला पाचपैकी पाच, कॉलेजच्या चौकाला चार, पाहुण्याला मिळणाऱ्या माहितीला एक. लहान मुलांना घेऊन सहलीला म्हणून जात असाल तर आधी सेंट जोसेफ आणि तटाचा फेरा करा, तिथे पळायला जागा आहे. चित्रकला, स्थापत्य किंवा इतिहास शिकणाऱ्यांनी मात्र दिवसाचे पहिले दोन तास इथेच द्यावेत आणि वही घेऊन जावं.

एक गोष्ट इथे पाहायला मिळणार नाही: घंटा. उत्तर प्रांतातल्या चर्चांच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांत टांगल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची १७०७ सालची आणि नाशिकच्या नारोशंकर देवळातली १७२१ सालची, या दोन आजही जागेवर आहेत. ‘मेणवलीची घंटा याच चर्चची’ असं कोणी ठामपणे सांगितलं तर लगेच मान डोलावू नका, त्या मोहिमेत अनेक चर्चांच्या घंटा उतरवल्या गेल्या. पण वसईनंतर मेणवलीला जाल तेव्हा घंटेवरची उठावातली मेरी आणि तिच्या कडेवरचं बाळ शोधा. घाटाच्या पायरीवरून, सकाळच्या उन्हात, ते स्पष्ट दिसतं.